गफ्फारभाईचे मैल

शेख अब्दुल गफ्फार हा माणूस अमरावतीतून वीसेक वेळा मक्केला जाऊन आला तोवर त्याची बायको शकीला एकदाही गेली नव्हती. यावर त्याला छेडायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. भीती वगैरे काही नाही. त्याच्याकडे उत्तर तयार होतं आणि ते ऐकायला चांगला अर्धा तास मोडायचा.

इतवारा बाजाराच्या मागे त्याचं उमऱ्याचं, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेचं ऑफिस आणि माझा फोटो स्टुडिओ भिंतीला भिंत लागून. त्याच्या यात्रेकरूंचे पासपोर्टचे फोटो माझ्याकडे, आणि कॉम्प्युटरही माझ्याकडे. म्हणून त्याचे विमानाचे पॉइंट किती जमले हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. दुकान उघडून मी अगरबत्ती लावतो न लावतो तोच हा हजर. "देवमनभाऊ, पाहा बरं, चढले का?" जणू पॉइंट रात्रीतून दूध उतू जावं तसे वर येणार होते.

मुळात हा कापसाचा दलाल. भातकुलीपासून दर्यापूरपर्यंत ह्याला ओळखणारी माणसं होती. पण कापूस बुडाला तशी दलालीही बुडाली. सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांच्या आवारांत गवत वाढलं. पिकवणाऱ्यांची नावं निदान पेपरात यायची; दलालासाठी डोळ्यांत पाणी आणणारा पेपर अजून निघायचा आहे. गफ्फारभाईनं मग उमऱ्याचे जथे न्यायला सुरुवात केली. ज्यांची पोरं दुबई-दम्मामला लागली होती ते म्हातारे-म्हाताऱ्या ह्याच्या मागे हिरवे बिल्ले लावून निघायचे. शेती आटत होती आणि विमानं भरत होती. ह्यात विसंगती दिसते ती बाहेरच्याला. आम्हाला सवय होती.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीनं त्याला एक कार्ड दिलं. जितके मैल उडाल तितके पॉइंट जमा, आणि जमले की फुकट तिकीट. झालं! त्या दिवसापासून माणूस उमऱ्याला जात होता की मैलांना, हे त्याच्या अल्लालाच ठाऊक. त्यानं ह्या विद्येत जी गती मिळवली ती बघून मी थक्क झालो. मुंबई-नागपूर विमानात पॉइंट घालवणारा त्याच्या लेखी गाढव. पॉइंट देऊन सूटकेस किंवा मिक्सर घेणारा महागाढव. लांबचा प्रवास, पुढच्या वर्गाची आडवी होणारी खुर्ची, आणि तीही तिकिटं सगळ्यात महाग असतात त्या दिवसांत. पॉइंट खर्चायचे ते असे.

"रमजानमदी तिकीट दुप्पट होते," तो मला समजावायचा, "पण पॉइंट तेवढेच लागते. मंग आपल्या पॉइंटाले भाव कवा आला? रमजानमदी. अडाणी मानूस आधीच इकून टाकते."

त्या काळात आमच्याकडे मोठमोठे लोक शेतकऱ्यांच्या संकटाची पाहणी करायला यायचे. नागपूरपर्यंत विमान, पुढे गाडी. त्यातले एक गृहस्थ कागदांच्या झेरॉक्स काढायला माझ्या दुकानात आले. गावं बघून चेहरा असा पडलेला की मीच त्यांना पाणी दिलं. गफ्फारभाई बाकावर बसला होता. त्यानं त्यांची कहाणी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "साहेब, एवढं येनं-जानं करता, कार्ड काढलं का नाई?" गृहस्थ गडबडले. मग खालच्या आवाजात म्हणाले, काढलंय. पुढचा अर्धा तास दोघे त्यावरच बोलत होते, आणि जाताना गृहस्थांचा चेहरा बराच सुधारला होता.

आता शकीलाभाभी. भातकुलीकडच्या भाजीवाल्यांच्या घरातली. लहानपणापासून डोक्यावर वांग्या-मेथीची पाटी घेऊन चाललेली बाई. तिची मागणी एकच होती. मक्केत सफा आणि मरवा ह्या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालाव्या लागतात. बीबी हाजरा तान्ह्या पोरासाठी पाणी शोधत तिथे धावली होती, त्याची ती आठवण. त्या सात फेऱ्या शकीलाभाभीला आपल्या पायांनी घालायच्या होत्या. चाकाच्या खुर्चीत बसून नाही. आणि तिचे गुडघे बोलायला लागले होते. आधी जिना चढताना, मग उतरताना, मग नमाजात बसताना.

आणि गफ्फारभाईचं म्हणणं असं की ह्याच गुडघ्यांसाठी थांबायचं. "हिले मी मांगच्या रांगेत पाय आखडून नेऊ का? आडवी नेईन, लेटवून. राणीवानी." हे तो खोटं बोलत नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता. फक्त त्याच्या जिवाला दलालाची खोड होती. आयुष्यभर त्यानं माणसांना एकच सल्ला दिला होता: थांब, भाव येऊ दे. लोक कापूस घरात भरून ठेवायचे, पोरं त्याच्यावर लोळून अंगाला खाजवत फिरायची, आणि भाव यायच्या ऐवजी पाऊस यायचा. तरी गफ्फारभाईचा भावावरचा विश्वास काही उडाला नाही. कापूस निदान घरात दिसायचा तरी. हे मैल तर माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर होते.

दर वर्षी रमजान आला की आम्ही पडद्यासमोर बसायचो. तिकिटं महाग झालेली असायची, पॉइंटाला भाव आलेला असायचा, आणि पॉइंटावर मिळणारी एकही खुर्ची शिल्लक नसायची. कंपनीत बसलेले लोकही दलालच होते ना! "इतर महिन्यांत दोन खुर्च्या रिकाम्या दिसताहेत," मी म्हणायचो. "आत्ता घ्या आणि भाभीला घेऊन जा." तो माझ्याकडे बघायचा ते असं, की मी ओला कापूस विकायला सांगतोय.

एकदा भाभी त्याचा डबा घेऊन आली तेव्हा हेच चाललं होतं. ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "देवमनभाऊ, लोक म्हणते पैसा हाताचा मैल हाये, मळ हाये. आमच्या घरी पैसा तं दिसला नाई, नुसते मैलच जमा होऊन राहिले." मी खो खो हसलो. गफ्फारभाईही हसला. ती हसली नाही. डबा ठेवला आणि खांबाला हात लावून पायरी उतरली. मला वाईट वाटलं, आणि त्या माणसाचा संतापही आला. पण शेजाऱ्याच्या संसारात तोंड घालणं बरं नव्हे, म्हणून मी पुन्हा कॉम्प्युटरकडे वळलो.

आणि मग व्हायचं ते झालं. एका सकाळी मी कार्डाचं पान उघडलं तर वर सूचना: प्रिय सदस्यांच्या सोयीसाठी पॉइंटांचे दर बदलण्यात आले आहेत. सोय अशी की कालपर्यंत ज्यात दोन आडव्या खुर्च्या येत होत्या, त्यात आज एकही पुरी येत नव्हती. गफ्फारभाईनं मला ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "पडला भाव. पन पडलेला भाव चढते, देवमनभाऊ. अजून चार जथे नेतो, मंग पाहू."

हे त्यानं घरी जाऊनही सांगितलं असणार. कारण आठवड्याभरातच शकीलाभाभी भावाला घेऊन ऑफिसात आली. भाऊ म्हणजे वकार, अकोल्याला गाद्या भरायचं काम करतो. दोघं गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले. भाभीनं दोन पासपोर्ट टेबलावर ठेवले. "पुढच्या जथ्यात दोन नावं लिवा. शकीला अन् वकार. मांगच्या रांगेतल्या खुर्च्या चालतीन." मायचं वावर विकलं त्यातला तिचा हिस्सा वकारनं प्रामाणिकपणे तिच्या हातात ठेवला होता.

"अवो, मी तुहा घरवाला हावो," गफ्फारभाई म्हणाला.

"मंग जरा कमी लावा," भाभी म्हणाली.

व्हिसाचे फोटो मीच काढले. भाभीनं पदर नीट केला आणि कॅमेऱ्यात असं बघितलं की मला 'हसा' म्हणायचा धीर झाला नाही.

पुढचं गफ्फारभाईनं मला स्वतः सांगितलं, आणि त्यानं स्वतःला त्यात वाचवलं नाही, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं. मुंबईच्या विमानतळावर त्यानं सगळ्यांबरोबर बायकोच्याही गळ्यात हिरवा बिल्ला घातला. काउंटरवरच्या मुलीनं त्याचं कार्ड पाहिलं आणि गोड हसून म्हणाली, सर, तुम्ही आमचे जुने प्रवासी, मागचा वर्ग भरलाय, तुम्हाला आम्ही पुढच्या वर्गात बसवतोय, पॉइंट न घेता. इतकी वर्षं ज्या खुर्चीसाठी थांबला ती खुर्ची अशी फुकट पदरात पडली, आणि ती एकच होती. ही बायकोला द्या म्हणून तो गयावया करू लागला. मुलगी हसतच नाही म्हणाली. कार्ड ज्याचं, खुर्ची त्याची.

"तुमीच जा," भाभी म्हणाली. "लेटा निवांत. एवढ्या वर्साची तुमची मेहनत हाये." आणि वकारचा हात धरून मागे गेली.

"देवमनभाऊ, बटन दाबलं तं खुर्ची पुरी आडवी झाली," गफ्फारभाई मला सांगत होता. "जेद्दा येईपर्यंत मी तिच्यावर ताठ बसून होतो."

मक्केत त्यानं चाकाची खुर्ची ठरवून ठेवली होती. भाभीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती चालायला लागली. वकार बाजूला, आणि मागून आमचे गफ्फारभाई रिकामी खुर्ची ढकलत. एक फेरी, दोन, तीन. चौथ्या फेरीत ती कठड्याला धरून चालत होती. पाचवी संपली आणि ती उभीच राहिली. गुडघा वाकेना, सरळही होईना. वकार म्हणाला, थोडं बसून मग उठू. ती बसली, पाणी प्यायली, आणि उठायला गेली तर उठता येईना. मग तिनं खुर्चीकडे हात केला. उरलेल्या फेऱ्या गफ्फारभाईनं ढकलत पुऱ्या केल्या. तो सारखा रडत होता, आणि येणारेजाणारे त्याला मोठा भक्त समजून वाट देत होते.

ती परत आली तेव्हा गल्लीतल्या बायका तिला भेटायला जमल्या. मीही हार घेऊन गेलो. भाभी पलंगावर पाय लांब करून बसली होती, खजूर वाटत होती. कुणीतरी कौतुकानं विचारलं, "साती फेऱ्या आपल्या पायानं झाल्या का वो?"

गफ्फारभाई माझ्या शेजारी उभा होता. भाभीनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"पाच माह्या पायानं झाल्या," ती म्हणाली. "दोन ह्याईच्या पॉइंटात गेल्या."