पिरॅमिडची चौथी बाजू

इजिप्तच्या पिरॅमिडांचा मुंबईत एकच वकील आहे. तो लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि दुर्दैवाने माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. दादांनी जन्मभर गोदीच्या कचेरीत कारकुनी केली, इजिप्त कधी पाहिला नाही. पण थोरल्या पिरॅमिडच्या पोटातली वाट त्यांना चाळीच्या जिन्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जिन्यावर ते तीनदा पडलेत. पानात भाताची मूद आली की आधी बोटांनी तिला चार कोपरे काढतात, मगच वरण. शेजारच्या वहिनींनी वास्तूसाठी टीव्हीवर तांब्याचा पिरॅमिड ठेवला, तेव्हा दादा दारातूनच ओरडले, "अहो वहिनी, थडगं आहे ते! थडग्याला कसली उदबत्ती ओवाळता?" वहिनींनी महिनाभर त्यांना विरजण दिलं नाही. गणपती मंडळाचा सेक्रेटरी एकदा सहज म्हणाला, "दादा, ते परग्रहावरच्यांनी बांधलं ना?" दादा लालबुंद. "तुझा आजोबा गिरणीत कापड विणायचा, ते काय मंगळावरून यायचं? माणसांनी बांधलं रे! टोळ्या होत्या मजुरांच्या. आतल्या दगडांवर, कुणाला दिसणार नाही तिथे, आपल्या टोळीचं नाव रंगवून ठेवायचे."

माझं त्यांच्याशी वैर मात्र लग्नाआधीपासूनचं. मी मालवणहून एक ट्रंक घेऊन आलो, रे रोडला दुसऱ्याच्या वखारीत फळ्या वाहिल्या, आज तिथेच माझी स्वतःची वखार आहे. सागवानाच्या भावात मला अजून कुणी गुंडाळलेलं नाही. असा मी कांदेपोह्यांची बशी धरून बसलो होतो आणि दादांनी एकच प्रश्न विचारला. पगाराचा नाही, घराचा नाही. "पिरॅमिडला बाजू किती?" कॅलेंडरवरचं चित्र आठवून मी म्हणालो, तीन. झालं. बारसं असो, मुंज असो, माझ्याच वखारीची पूजा असो, नवा माणूस दिसला की दादा माझी ओळख करून देतात, "हे आमचे जावई. यांच्या पिरॅमिडला तीन बाजू."

दोन वर्षांपूर्वी मंडळात गणपतीच्या देखाव्याची चर्चा निघाली. दादांचे गुडघे गेले होते. इजिप्तला जाणं आता होणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. ते उठून म्हणाले, "एकच बांधू द्या मला." आवाज नेहमीचा नव्हता. लगेच वहिनींनी जुना हिशेब चुकता केला, "थडग्यात बसवणार बाप्पाला?" दादा म्हणाले, "मूर्ती पुढे. पिरॅमिड मागे, लांबवर दिसतो तसा." ठरलं. लाकूड माझं, परत मिळण्याच्या बोलीवर.

मी नकाशा पाहिला. पिरॅमिडच्या मागे जेमतेम एका माणसापुरता बोळ, मग कंपाउंडची भिंत. म्हटलं, "दादा, मागची बाजू कोण बघणार? तीन करा."

"अजून तिथेच अडकलात, जावईबापू?"

"लाकूड माझं आहे!"

"पिरॅमिड माझा आहे. तीन बाजूंचा उभा केलात तर मी स्वतः मोडेन."

मी टेप फेकली आणि निघून आलो. दोन दिवस ताणून धरलं. घरी बायकोच्या हातची आमटी दोन्ही दिवस अळणी झाली. तिसऱ्या दिवशी चौथ्या बाजूच्या फळ्या टेम्पोत चढवल्या. आयुष्यात सौदा हरलो तो एवढाच. पुन्हा तिकडे फिरकलो नाही. दादा दुपारी एकटेच मागे बसून रंग देतात, एवढं कानावर आलं.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी गेलो, तर रांग पार नाक्यापर्यंत. पुढून बाहेर पडायला वाट उरली नाही, म्हणून कार्यकर्त्यांनी मागचं फाटक उघडलं आणि सगळी गर्दी बोळातून, चौथ्या बाजूसमोरून जाऊ लागली. जाताना जो तो थांबायचा. एक बाई मोठ्याने वाचत होत्या, "बाळा सुतार. इस्माईल रंगवाला. शांताबाई, चहा." दादांनी फळ्यांवर रंगवलेल्या एकेका दगडावर एकेक नाव लिहिलं होतं. कुणाला दिसणार नाही तिथे लिहिलेलं आता अख्खं लालबाग वाचत होतं! सगळ्यात खालच्या थरात, आडव्या लांब फळीवर माझं नाव. पुढे: लाकूड यांचं, चारही बाजूंचं.

दादा कडेला खुर्चीवर बसले होते, एखाद्या राजासारखे. माझे डोळे भरून आले होते म्हणून मी भांडणच काढलं. "माझं नाव सगळ्यात खाली?"

"भार खालच्यावरच असतो, जावईबापू," ते म्हणाले, आणि शेजारच्या माणसाकडे वळले, "हे आमचे जावई. चौथी बाजू यांची." वहिनींनी तेवढ्यात पेढे आणून पहिला दादांच्या हातावर ठेवला.

बोलीप्रमाणे लाकूड परत आलं, विकलंही गेलं. ती खालची फळी तेवढी वखारीत भिंतीला उभी आहे. दादा आता जिना उतरत नाहीत. परवा एक डेकोरेटर त्या फळीवर अडून बसला, म्हणेल तो भाव द्यायला तयार. मी विचारलं, "पिरॅमिडला बाजू किती?"

"तीन ना, शेठ?"

त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. मग दादांना फोन लावला. "दादा, अजून एक तीनवाला सापडला."

पलीकडून हसू आलं, मग बराच वेळ खोकला, मग पुन्हा हसू. मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो.