दाराला लावलेला नारळ

“अ‍ॅस्पिरेशन झालंय,” एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे पाणी श्वासावाटे फुफ्फुसात गेलं होतं. माझी तीन वर्षांची नात तुळजा ऑक्सिजनची नळी लावून पडली होती. सून माधवी तिचे तळपाय चोळत होती. पोर खोकत होती, तेवढाच धीर.

माझा मुलगा रघू याने तंजावूरबाहेर घर बांधलं, तेव्हा मागे पोहायचा तलावही केला. मला छातीएवढं पाणी. चारी बाजूंनी उंच कुंपण, सोडलं की आपोआप मिटणारं दार, खिटी मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर. पण तुळशीची कुंडी कुंपणाच्या आत राहिली होती.

दिवेलागणीला माझ्या एका हातात दिवा, दुसऱ्यात तांब्या. दार धरायला तिसरा हात कुठला? शिवाय त्या वेळी लक्ष्मी येते, दार मिटलेलं नसावं, असंही मनात असायचं. म्हणून मी दाराला एक न सोललेला नारळ लावून ठेवायचे. बाहेर येताना पायाने सरकवायचे.

त्या दिवशी दुसरी प्रदक्षिणा सुरू केली, तेव्हा तुळजा स्वयंपाकघराच्या पायरीवर होती. प्रदक्षिणा संपली तेव्हा पायरी रिकामी आणि तिचा पिवळा परकर पाण्यात. ओरडणं नाही, पाणी उडाल्याचा आवाज नाही. बुडणारं मूल हाक मारत नाही, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही आधीच जाणून असा.

दिवा टाकून मी लुगड्यासकट उतरले. वर काढलं तेव्हा तिचे ओठ निळे होते. उलटी झाली, मग रडली.

आस्पत्रीत रघू कुंपणवाल्याला फोनवर ओरडत होता. “आपोआप मिटतं म्हणालास ना? मग माझी पोर आत गेली कशी?” मी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. “पाट्टी, पाण्यात किती वेळ होती?” इथे आजीला पाट्टी म्हणतात.

“एक प्रदक्षिणा,” मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. मध्ये स्टूल ठेवून म्हणाल्या, “चालून दाखवा. घरी चालता तसंच.”

मला चारचौघांत मान वर करवत नाही. तरी स्टूलभोवती फिरले, ओठांत नेहमीचं म्हणत. त्यांनी घड्याळ पाहिलं. “अर्ध्या मिनिटाच्या आत. बरं झालं.”

मी रघूकडे वळले. “रघू, त्या माणसाला बोलू नको. दार चांगलं आहे. नारळ मी लावला होता.”

रघूने फोन खाली घेतला. माधवी उठली. वाटलं, आता बोलेल. तिने कोरडा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

तुळजाला ऑब्झर्व्हेशनमध्ये ठेवलं, म्हणजे श्वास पुन्हा बिघडतो का ते बघत राहायचं. दुसऱ्या दुपारी नळी निघाली आणि तिने इडली मागितली, वर साखर.

घरी आल्यावर रघू म्हणाला, “आई, नारळ देवापुढे फोड, दाराला लावू नको.” मग स्वतःच कुंडी उचलून कुंपणाबाहेर आणली. चढायला पायरी होईल म्हणून कुंपणालगतची खुर्चीही हलवली. कुंपणवाल्याची त्याने माफी मागितली. मी त्याला चटणीची बाटली पाठवली, त्याच नारळाची.

आता रोज मी आधी ते दार ओढून बघते. हलत नाही. मग तुळशीपाशी येते. दोन्ही हात अजूनही भरलेलेच: एकात दिवा, दुसऱ्यात तुळजाचा हात. तांब्या ती धरते, अर्धा सांडते.