मी जिता असताना पुसलेलं कुंकू

ती जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर चिंचा फोडत बसलो होतो. मी टरफलं काढायचो, ती चिंचोके काढायची. मध्येच ती म्हणाली, "अहो, त्या पोरांचं गाणं अजून आलं न्हाई व्हय?"

"तुला काय घाई? हिरोईन हायस का?"

"हायच की. म्हणून तर तुमच्या पोटात दुखतंय."

चिंचेचा गोळा करून तिनं मडक्यात दाबला, वर मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. बीडच्या दवाखान्यात पोचायच्या आधी, रिक्षातच, माझ्या मांडीवर गेली.

गाणं त्यानंतर आलं. आलं नसतं तर बरं झालं असतं.

बीडच्या कॉलेजातली ही पोरं हिवाळ्यात आमच्या पाली गावाला आली होती. कसल्या तरी स्पर्धेला गाणं पाठवायचं होतं, त्याचं शूटिंग धरणाच्या काठावर. पोरगा नोकरीला पुण्याला जातो अन् गावाकडं एकटी आई त्याची वाट बघती, असं ते गाणं. पाणी प्यायला म्हणून आमच्या दारात थांबले आन् हिला बघितलं. त्यांच्यातला म्होरक्या, दाढीवाला, म्हणाला, "आज्जी, तुमचा चेहरा एकदम खरा हाय." मला तिथंच राग आला. खोटा चेहरा कुणाचा असतो रे? पण ही भुलली. लग्नानंतर तिचा चेहरा कसा हाय हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं, मी तर न्हाईच.

मग त्यांच्यातल्या एका पोरीनं ओला कागद काढला आन् हिच्या कपाळाचं कुंकू पुसायला लागली.

मी बाजेवरून उठलो. "ए पोरी, कावून पुसती?"

दाढीवाला म्हणाला, "आजोबा, एकटी आई दाखवायचीय. विधवा दाखवली की लोकांच्या काळजाला भिडतं."

"आन् मी काय इथं मेलेला बसलोय? तिचा नवरा रानात गेलाय म्हणा, जनावरामागं गेलाय म्हणा. मारता कशाला?"

"नुसतं गाणं हाय आजोबा."

मी शिव्या घालणार होतो. पण हीच हसली. म्हणाली, "अहो, कुंकू पुसल्यानं माणूस मरतं व्हय? रानात घामानं किती वेळा पुसलं, तवा कावून न्हाई मेले तुमी?" पोरं फिदीफिदी हसली. तिनं मंगळसूत्र पोलक्यात खुपसलं आन् वरून पदर घेतला. बांगड्या मात्र सगळ्या काढू दिल्या न्हाईत. "हात मोकळा ठेवत नसतेत," म्हणाली, आन् एक बांगडी कोपरापर्यंत सरकवून पदराखाली झाकली.

कुंकवाखाली तिच्या कपाळावर गोंदण होतं, लहानपणी माहेरी गोंदलेलं. पोरगी घासत बसली. "आज्जी, हे जात न्हाई का?"

"ते माझ्यासंगच जाईल, माये."

तर त्या गोंदणावर पोरीनं पावडर थापली. हिचं कपाळ भाकरीच्या पिठासारखं झालं. मी तिकडं बघायचं सोडून दिलं.

धरणाच्या काठावर तिला दगडावर बसवली. रस्त्याकडं बघा म्हणे, डोळ्यात पाणी आणा म्हणे. हिला रडू येईना. आलं ते हसूच. "मला लेकराची आठवण काढून रडायला सांगता, लेकरू तर परवाच घरी येऊन जेवून गेलंय." चार-पाच खेपा झाल्या, ऊन उतरायला लागलं. तेव्हा तो दाढीवाला काय म्हणाला? माझ्यासमोर म्हणाला. "आज्जी, आजोबा गेलेत असं समजा."

ती हसायची थांबली. माझ्याकडं एकदा बघितलं, मग रस्त्याकडं. आन् तिच्या डोळ्याला धार लागली. पोरं खूश. "कट, कट, लई भारी!" भारी? बे, माझं मरण दाखवून बाईला रडवली आन् टाळ्या वाजवता?

घरी आल्याबरोबर तिनं आरशापुढं बसून कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं.

ती गेली तेव्हा बायांनी तिचं कपाळ कुंकवानं भरलं, हिरवा चुडा भरला, ओटी भरली. सगळ्याजणी म्हणत होत्या, भाग्याची, सवाष्ण गेली. मला त्याचाही राग आला. भाग्य कसलं? पण तिची तीच इच्छा होती हे मला ठाऊक होतं. माझ्या आधी जायचं आन् कुंकवासगट जायचं. तेवढं तरी तिच्या मनासारखं झालं. माझं कुणी काहीच पुसलं न्हाई. पुरुषाचं पुसायला असतं काय? टोपी होती तशी डोक्यावर राहिली.

आन् मग एका दुपारी फाट्यावरच्या हॉटेलात माझा जुना सोबती मोबाईल घेऊन आला. "बघ बे, तू तर गाण्यात मेलायस. जिता हायस का भूत हायस?" सगळे हसले. मीही बघितलं. ती दगडावर बसलेली, रिकामं कपाळ, आन् रडत होती. गोंदणसुद्धा नव्हतं. सोबत्यानं मान खाली घातली.

गाण्याखालीच त्या पोरांचा नंबर होता. सोबत्यानंच लावून दिला. दाढीवाल्यानं उचलला, मी पालीचा म्हणाल्यावर ओरडला,

"आजोबा! बघितलं का? लोक लई रडलेत!"

"काढून टाक ते."

"कावून? आज्जीला न्हाई आवडलं?"

"आज्जी गेली. सवाष्ण गेली. आन् तू तिला जगभर विधवा करून फिरवतोस."

तो बारीक आवाजात म्हणाला, "आत्ता काढतो, आजोबा. आत्ताच."

मी हो म्हणणार होतो. पण तिला ते गाणं बघायचं होतं. तिची एवढी हौस, आन् ती मी माझ्या हातानं पुसून टाकू?

"काढू नको," मी म्हणालो. "मी सकाळी येतो. तुझा कॅमेरा तयार ठेव."

सकाळी धुतलेलं धोतर नेसलो आन् पहिल्या गाडीनं बीडला गेलो. पोरांच्या खोलीत सगळी उभीच होती, कुणी बसेना. ती पावडरवाली पोरगी रडत होती, तिला म्हणालो, "तू बस खाली, पाणी पी." मग खुर्ची खिडकीजवळ ओढली आन् कॅमेऱ्याकडं बघून बोललो. "गाण्यात बसलीय ती माझी बायको. मी तिचा नवरा. मी जिता हाय. मेली ती, आन् कुंकवासगट मेली. गाणं बघा, पण हे आधी ऐका."

दाढीवाला हळूच म्हणाला, "आजोबा, आवाज जरा खाली गेला. परत एकदा घेऊ का?"

"न्हाई," मी म्हणालो. "हेच लाव, गाण्याच्या आधी." आन् तो लावेपर्यंत तिथंच बसून राहिलो.