बिनमताची मेंबर

ज्या दिवशी मी ग्रामपंचायतीची मेंबर झाली, त्या दिवशी मी भांडी घासत होती. मालकाच्या घरामागं, विहिरीवर. गाव बिनविरोध निघालं म्हणून मालकानं गावजेवण घातलं होतं. समोर मांडवात फटाके फुटत होते, गुलाल उडत होता, मालकाच्या गळ्यात हारावर हार पडत होते. आणि मी, आत्ताच निवडून आलेली, राखेनं गंज-पातेली घासून राहिली होती. मालकाची सून मागच्या दारात आली.

"मेंबरीणबाई, भाताचा गंज राहिला न व."

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसली. काय करणार होती?

मालगुजारांची जमीनदारी जाऊन जमाना झाला, पण केशोरीकडच्या आमच्या गावात त्या घराले अजूनही मालकाचंच घर म्हणतात. निवडणूक लागली की मारुतीच्या देवळात बैठक बसते. मालक नावं सांगतो, माणसं माना हलवतात. बाया तिथं नसतातच. त्या नावांशिवाय दुसरं कोणी अर्ज भरत नाही, मग मतदान कायचं होते? गावाले याचा लई अभिमान. आमच्याकडं भांडण नाही, तंटा नाही, म्हणतात. नसणारच. तोंड उघडलं तर तंटा होईल ना.

आम्ही ढिवर. गावतळ्यात जाळं टाकतो, मासे विकतो. त्या तळ्याचा ठेका सोसायटीकडं आणि सोसायटी मालकाच्या हातात. आमच्या वार्डात मागास बाईची जागा निघाली, तर बैठकीत माझं नाव घेतलं. मले कोणी विचारलं नाही. माझ्या माणसाले सांगून टाकलं, त्यानं घरी येऊन मले सांगितलं.

पंचायतीच्या मीटिंगले गेली तर सरपंच, म्हणजे मालकाचा पुतण्या, म्हणाला, बाई, जरा चहा वाटून दे. पुढच्या मीटिंगलेही तेच. मग मी जाणंच सोडलं. दिवसभर चिखलात धानाचा रोवणा करून कंबर धरलेली, त्यात यांचे कप कोण उचलन?

मग एकदा अर्जुनी मोरगावले बाया मेंबरांचं प्रशिक्षण निघालं. माझ्या बाजूले दुसऱ्या गावची एक बाई बसली होती. घरोघरी फिरून, सख्ख्या जेठाशी, नवऱ्याच्या मोठ्या भावाशी भांडून ती निवडून आली होती. लई रंगवून सांगत होती. सांगता सांगता तिनं विचारलं, "तुले किती मतं पडली व?"

मी विचार करून राहिली. मग म्हटलं, "एकही नाही."

तिले वाटलं मी हरली. म्हणाली, "मग तू इथं कायले आली?"

एसटीत बसून घरी येईपर्यंत तेच डोक्यात. माझ्या माणसानं मले मत दिलं नव्हतं. सासूनं नाही, पोरीनं नाही. मीही मले दिलं नव्हतं. एका माणसानं बोट दाखवलं आणि मी मेंबर झाली. उद्या तो दुसरीकडं बोट दाखवन. मले रडू नाही आलं. चीड आली. साफ चीड.

यंदा तीच जागा सगळ्या बायांसाठी खुली निघाली. बैठकीत मालकाच्या सुनेचं नाव ठरलं. मी तहसीलात जाऊन अर्ज भरला. संध्याकाळीच बोलावणं आलं. मालक ओसरीत खुर्चीवर, मी खाली अंगणात उभी. आवाज गोडच होता त्याचा. म्हणाला, गावाचं नाव खराब करून राहिली तू. मागच्या बारीले तुलेच तर निवडलं होतं ना?

"कोणी निवडलं, मालक?"

"आम्ही. अजून कोण?"

"यंदा गावाले निवडू द्या."

तो उठला. पाठ करून म्हणाला, "मंग तुझ्या माणसाले सांग, तळ्यात उतरायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या माणसाचं जाळं खुंटीवर आहे. घेऊन टाक नाव मागं, कायले जिवाले घोर, असं तो रोज म्हणते. माणूस वाईट नाही तो. थकला आहे. मीही थकली आहे. गावात मले कोणी कामाले बोलवत नाही, म्हणून पलीकडच्या गावात रोवण्याले जाते. वाटेत भेटणाऱ्या बाया नजर चुकवतात. त्याही भितात, मले समजते.

नाव मागं घ्यायची मुदत काल संपली. मी तहसीलात गेली नाही, बांधीत धानाचे परे रोवत राहिली.

आता पंचायतीसाठी गावच्या शाळेत मतदानाची मशीन लागणार. पहिल्यांदा. मालकाले रांगेत उभं राहावं लागन आणि त्याच्या हाती एकच मत असन, माझ्याएवढंच. मी हरीन बहुतेक. माझं मलेच तेवढं पडन. तरी पुढच्या बारीले अर्ज भरीन, त्याच्या पुढच्या बारीलेही भरीन. मी जिती आहे तोवर या गावात बिनविरोध होणार नाही.