दोन गावांत नाव लावलेली पोर

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्यात रीत. लेक औशाच्या सासरहून आमच्याकडं, उमरी तालुक्यात आली आन् नात इथंच झाली. दिवस गेले तवा लेकीचं नाव सासरच्या अंगणवाडीत लावलेलं, पोरीच्या लसी मात्र इथल्या अंगणवाडीत नाव लावून टोचलेल्या. पुढंबी तसंच. कामाच्या दिवसांत लेक पोरीला आमच्यापाशी सोडायची, काम सरलं की घेऊन जायची.

हाक मारली तरी पोर वळायची न्हाई. मी म्हणायचो, बापावर गेली, मुजोर हाय. वळली न्हाई की थोबाडीत द्यायचो. तीन वर्षांची झाली तरी बोलंना. एकदा दाव्यातनं बैल सुटला. "सरक!" म्हणून मी वरडलो, ती तशीच उभी. बैल बाजूनं गेला. मी पोरीला दोन ठेवून दिल्या.

बायको मधी पडली. "हिला ऐकूच येत न्हाई. मारायलात कुणाला?"

अंगणवाडीत पोरं तपासायला डॉक्टर येतात, म्हणून बायको आधी इथल्या अंगणवाडीत गेली. ताई म्हणली, "मावशी, हिचं नाव औशाला हाय. तिकडं तपासली असंल." बायको एसटीनं औशाला गेली. तिथली ताई म्हणली, "पोर तर तुमच्याकडंच ऱ्हाती. तिकडच्यांनी बघितली असंल."

"मंग एक फोन लाव की बाई त्यांना."

"जिल्हा येगळा पडतो, मावशी. तिकडून कागद आणा."

इकडची म्हणायची, आधी तिकडून आणा. वरीसभर बायको पोर काखोटीला मारून फिरली. मी बाजंवर बसून हसायचो. "हिंड. बायांना अर्धं तिकीट केलंय ते तुझ्यासाठीच." एकदाबी संगं गेलो न्हाई.

मागच्या उन्हाळ्यात बायको वारली. चौदावं झालं आन् मीच पोरीला घेऊन लातूरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईनं कान तपासले. म्हणली, "आजोबा, मशीन लावू. पण बोलणं शिकायचं वय बरंच निघून गेलं. इतका उशीर का? अंगणवाडीत नाव नव्हतं का?"

"दोन गावांत होतं," मी म्हणलो. "म्हणूनच."

पुढल्या खेपेला मशीन बसवलं. बाई म्हणली, "मागून हाक मारा."

मी मारली. पोर वळली. मला बघितलं आन् दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले.