पुण्याला गेलेल्या पेशी

आमच्या फॉर्मवर सगळ्यात शेवटी एक रकाना असतो, 'शेरा'. पेशंटने काही वेगळं सांगितलं तर तिथे लिहायचं. चौकोन आगपेटीएवढा! सहा वर्षांत त्यात काय काय कोंबायचा प्रयत्न केलाय, विचारू नका. शेवटी मी एक वेगळी वहीच केली. ती पुण्याला पाठवत नाही.

काम तसं सरळ आहे. कंपवात किंवा विस्मरणाचा आजार असलेल्या घरी जायचं, रक्त घ्यायचं आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे रक्ताच्या पेशींपासून मूळपेशी करतात, म्हणजे स्टेम सेल, आणि त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी. छोट्याशा बशीत! जिवंत माणसाचा मेंदू काही उघडून बघता येत नाही. म्हणून बशीतल्या पेशी कशा बिघडतात ते बघायचं, त्यांच्यावर औषधं करून बघायची. टीम तिघांची. पुण्याहून येणाऱ्या मॅडम, गाडी चालवणारे सलीमभाई आणि रक्त काढणारी मी. मी वाशीमचीच, आधी नर्स होते, म्हणून सगळ्यांची 'शिस्टर'.

*

आसेगावची पहिली मीटिंग. पंचवीसेक माणसं जमलेली. मॅडम नव्या होत्या. हसून म्हणाल्या, "आम्ही तुमच्या पेशी पुण्याला नेणार आहोत."

एकदम गलका! पुढे बसलेले नारायणभाऊ उठले. कंपवाताने उजवा हात हलत होता, आवाज मात्र खणखणीत. "पुण्याले? मंगरूळच्या कोर्टात जाऊ जाऊ माह्या चपला झिजल्या, अन् आता पेशी पुण्याले? वकिलाले इचारलं का तुमी?"

आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. हे मॅडमना कोण सांगणार? त्या मायेने म्हणाल्या, "घाबरू नका काका. तुम्हाला यावं लागणार नाही, फक्त पेशी जाईल."

नारायणभाऊ खाली बसले. "असं असन त दर पेशी तिकडंच लावा!"

*

ती केस होती सख्ख्या भावाशी, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. आणि आम्हाला तुलनेसाठी नेमकं निरोगी भावाचंच रक्त हवं! दोघांनी दिलं, पण वेगवेगळ्या दिवशी. एकाच अंगणात पाय ठेवायला दोघंही तयार नाहीत.

संमतीपत्रावर सही करताना नारायणभाऊंनी मला बाजूला बोलावलं. "शिस्टर, त्या बश्या शेजारी शेजारी ठिवू नका. तिथंबी भांडतीन!"

*

बशीतल्या पेशींना नेमाने खाद्य घालावं लागतं. दिवाळी असो की रविवार. हे मी एकदा सहज नारायणभाऊंच्या बायकोला, शांताबाईंना, बोलून गेले. झालं! दर एकादशीला सकाळी त्यांचा फोन. "शिस्टर, आज याहिचा उपास हाये. पुण्यात सांगा, त्याहिले जेवू घालू नका."

मी मॅडमना विचारलं, काय सांगू? मॅडम शास्त्रज्ञ बाई, खूप विचार करून म्हणाल्या, "आज साबुदाणा दिलाय म्हणा."

*

रक्ताची पेशी मेंदूची कशी होते, हे समजावणं महाकठीण. मॅडम चित्रं काढायच्या, मी हातवारे करायचे. एका गावात एक म्हातारी शेंगा फोडत ऐकत होती. मॅडम म्हणाल्या, "आजी, आधी त्या पेशीला पुन्हा बाळ करायचं. मग मोठं होताना तिला मेंदूची पेशी व्हायला शिकवायचं."

"म्हंजे रिटायर मास्तरले पुन्हा बालवाडीत बसवता, अन् मंग त्याचा तहसीलदार करता!"

मॅडमनी ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घेतलं. आता पुण्यात भाषण असलं की पहिल्या स्लाइडला तेच असतं. म्हातारी मात्र खूश नव्हती. "रक्ताले लहान करता येते, मंग मले काहून नाही करत?"

*

वाशीमच्या बाजारात रहमतचाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बोटं थरथरायला लागली आणि दोन वर्षांपूर्वी चिमटा खाली ठेवावा लागला. आमच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत एक घड्याळ काढायचं असतं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं. बाकीचे लोक दोन मिनिटांत काढतात. चाचांनी अर्धा तास घेतला. उजवा हात डाव्याने दाबून धरला, आणि कागदावर स्प्रिंग, चक्रं, दात, स्क्रू, सगळं उतरवलं. काटे मात्र नाहीत!

नियमाने काटे नसले तर मार्क जातात. मॅडम हळूच म्हणाल्या, "चाचा, काटे राहिले."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेटी, काटे आखीरमें बैठते. पहले मशीन तर चालू होऊ दे!"

मॅडमनी 'शेरा'मध्ये लिहिलं, 'परीक्षक नापास.'

*

रक्त ठरल्या वेळात पुण्याला पोचलं नाही तर मेहनत वाया जाते. एकदा सकाळी आसेगावला नारायणभाऊंचं रक्त पुन्हा घेतलं, मग पोहरादेवीजवळच्या तांड्यावर गेलो, आणि परतताना यात्रेच्या गर्दीत अडकलो. वाशीमहून ट्रॅव्हल्स सुटायला तास-दीड तास उरलेला. हॉर्न वाजवून उपयोग नाही.

सलीमभाई खाली उतरले, रक्ताच्या नळ्यांचा डबा डोक्यावर घेतला आणि ओरडले, "बाजू व्हा! अर्जंट हाये!"

"काय हाये त्याच्यात?"

"आसेगावच्या नारायणभाऊचा मेंदू! पुण्याले चालला!"

गर्दी दुभंगली. काहींनी हात जोडले. आम्ही वेळेत पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणभाऊंचा फोन. "शिस्टर, दोन गावचे सोयरे रडत घरी आले. मी त्याहिले चहा करून देला, तरी इस्वास नाही ठेवून राह्यले!"

*

वाशीमजवळच्या एका गावात किसनराव आणि गोदाबाई. गोदाबाईंचं विस्मरण फार पुढे गेलेलं. लेकरांची नावं गेली. नवऱ्याला त्या 'पाव्हणे' म्हणायच्या. किसनराव रोज त्यांची वेणी घालायचे, भात कालवून भरवायचे, आणि त्या रोज म्हणायच्या, "पाव्हणे, तुमी कायले तरास घेता?"

त्यांच्या रक्तापासून केलेल्या मेंदूच्या पेशी पुण्यात वाढल्या. एकमेकींना निरोप द्यायला लागल्या की त्या चमकतात. मॅडमनी त्याचा व्हिडिओ मोबाइलवर आणला होता. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके, इथे लागतात, तिथे विझतात.

"ह्या हिच्या?" किसनरावांनी विचारलं.

"हो. त्यांच्याच रक्तापासून केलेल्या."

"यानं ही बरी होईन?"

मॅडम खोटं बोलत नाहीत. "यांना उपयोग नाही होणार, काका. पुढच्या कुणाला तरी होईल, अशी आशा आहे."

किसनरावांनी मान हलवली. मोबाइल दोन्ही हातांत धरून बघत राहिले. तेवढ्यात गोदाबाई वाकून त्यात डोकावल्या. "लाइटिंग लय केली व! कोणाचं लगन हाये?"

किसनराव म्हणाले, "आपलं."

गोदाबाईंनी चटकन पदर डोक्यावर घेतला. सावरून बसल्या. तिरक्या नजरेने किसनरावांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या,

"बाई, मानूस चांगला दिसते. पण नवरदेव जरा म्हातारा नाही वाटून राह्यला?"