डॉक्टरची मालिका

त्या साली ऊसच नव्हता, म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. आमच्या सहकारी कारखान्याच्या शेतकी ऑफिसात आम्ही सकाळी हजेरीवर सही करायचो आणि संध्याकाळपर्यंत मोबाइल बघत बसायचो. तिथंच मला ती मालिका सापडली. कादंबऱ्यांमुळं जगभर गाजलेला खुनी. पेशानं डॉक्टर, बोलायला गोड, कपडे कडक इस्त्रीचे. माणसं मारतो, त्यांचे अवयव काढून घेतो आणि त्याचा संशय कुणाला येत नाही. मी भेटेल त्याला सांगत सुटलो, "बघ बे, असली मालिका जिंदगीत बघितली नसशील."

थोरली बहीण तेव्हा आमच्याकडं होती. चकलांब्याकडच्या तिच्या गावात टँकरवर भांडणं चालली होती, आणि ऊसतोडही नव्हती. एका दुपारी ती लसूण सोलत बसलेली. मी फोन डब्याला टेकवून ठेवला.

"आक्का, बघ. लई भारी हाय."

तिनं दोन भाग बघितले. लसूण तसाच पडून राहिला.

"ह्यो डाक्टर हाय न्हवं?"

"हाय."

"आन् ह्याला धरत्यात?"

"धरत्यात की शेवटी."

"आमच्यावाल्याला कुणी धरलं न्हाई."

मी फोन बंद केला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. ओटीपोट दुखायचं, पाळी लांबायची. तोडीवर खाडा पडला की मुकादम बोलायचा. डॉक्टर मीच सुचवला. ऑफिसातले सगळे त्याच्याकडंच जायचे. त्यानं पाच मिनिटं तपासलं आणि म्हणाला, "गर्भाची पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." ती मला म्हणाली, "थोडं थांबू का रं?" मी म्हणालो, "शिकलेला माणूस हाय, उगाच सांगंल का?" भावजी तोडीवर होते. ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली.

पुढं तिची कंबर गेली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जुनी सोनोग्राफी बघून विचारलं होतं, "ही कशाला काढली?" तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो.

"उद्या त्याच्याकडं जाऊ," फोन बंद झाल्यावर आक्का म्हणाली. "कागद मागू."

गेलो. डॉक्टरांनी मला ओळखलं, चहा मागवला. इतके जुने कागद ठेवत नाही म्हणाले. मग हसून तिला विचारलं, "ताई, आता काय त्रास आहे?"

"पिशवी कशापायी काढली, तेवढं सांगा."

त्यांनी तिच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "सही तुम्हीच केली होती ना?"

तिचा चहा तसाच राहिला. मी माझा पिऊन टाकला होता. तो कधी प्यायलो ते मला कळलंसुद्धा नाही.

स्टँडवर मी म्हणालो, "तक्रार करू, आक्का."

"कुणावर?"

दुसऱ्या दिवशी ती गावाकडं गेली. पाण्याचं काय करशील, हेही मी विचारलं नाही.

पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि बॉयलर पेटला. कंबरेला पट्टा बांधून ती आमच्याच कारखान्यावर तोडीला आली. माझं घर हाकेच्या अंतरावर, पण राहिली तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोपीत. माझी बायको भाकरी घेऊन गेली की तिच्याशी बोलत बसायची. मी गेलो की आक्का म्हणायची, "बरं हाय न्हवं?" आणि मोळी बांधायला वाकायची.